दोनदा पळणारा हिरो

पिक्चरात चष्मा घातलेली मुलगी दिसली, की मध्यंतरापर्यंत तो चष्मा उतरणार, आणि उतरला की तिला कुठल्याही डॉक्टरच्या मदतीवाचून लख्ख दिसायला लागणार, वर ती सुंदरही होणार, असा आमच्या श्रावणकाकांचा सिद्धांत होता. काकांच्या शब्दाला वजन होतं, कारण वडशाला स्टेशनामागच्या टिनाच्या टॉकीजचा सगळा कारभार त्यांच्याकडे होता. मालक नागपूरला बसून फक्त मालक होता. तिकिटं फाडणं, मशीन चालवणं, सायकलरिक्षात भोंगा घेऊन गावभर ओरडणं आणि खेळ सुटला की बाकांखालची शेंगांची टरफलं झाडणं, हे सगळं काका करायचे. मी त्यांची सख्खी पुतणी. म्हणजे माझं शिक्षण शाळेत कमी आणि मशीनच्या खोलीच्या चौकोनी भोकातून जास्त झालं, आणि त्या शिक्षणाने माझं जे काय केलं तेच इथे सांगायचं आहे.

त्या काळात कॉलेजच्या पिक्चरांचा पूर आला होता. एक पाहिला की पुढचे सगळे पाहून होत, तरी आम्ही पुढचे सगळे पाहत असू. कॉलेजची इमारत राजवाड्यासारखी. तिथे वर्ग बहुधा नसत, असलेच तर त्यात एक टकला प्राध्यापक फळ्याकडे तोंड करून उभा, कागदी विमानं खाण्याच्या नोकरीवर. विद्यार्थी तीस-पस्तिशीचे. हिरो पहिल्याच दिवशी हिरोइनवर आदळायचा, वह्या पडायच्या, दोघं एकाच वेळी वाकायचे आणि कुठून तरी वारा सुटायचा. वह्या कोऱ्याच असत. मग कँटीन. सगळं कॉलेज कँटीनमध्ये नाचायचं, फक्त हिरोचा जाडा मित्र समोसे खात बसायचा, कारण कोणीतरी हसवायला पाहिजे. मोटारसायकलवाला श्रीमंत बदमाश, त्याच्या मागे बसून च्युइंगगम चावणारे दोन रिकामे. हिरोइनचा बाप रेशमी झगा घालून जिन्यावरून उतरत ‘हे लग्न होणार नाही’ म्हणायचा, ते मात्र आम्हाला कळायचं नाही, कारण आमच्याकडचे बाप ‘लग्न होणार’ असं म्हणत आणि त्यांच्याकडे जिनाही नव्हता. आणि शेवटी रेल्वे स्टेशन. गाडी सुटलेली, ती दारात, तो फलाटावर पळतोय.

आमच्याकडे तो दोनदा पळायचा. आमच्या झाडीपट्टीला, म्हणजे विदर्भाच्या पूर्वेकडच्या पट्ट्याला, नाटकाची सवय. नाटकातलं गाणं आवडलं की लोक ‘वन्स मोअर’ ओरडतात आणि नट ते परत म्हणतो, त्यात काय एवढं. टॉकीजमध्येही लोक तसेच ओरडत, आणि काका तसेच मशीन थांबवून, रीळ हाताने मागे फिरवून पुन्हा लावत. कँटीनचं गाणं दोनदा, फलाटावरचं पळणं तर दोनदा असलंच पाहिजे. एकदा बाहेरगावच्या एका साहेबाने चिडून विचारलं, की हातात हात आले होते, पुन्हा सुटले कसे? काका म्हणाले, “साहेब, पहिल्यांदा तो हिरोइनसाठी पळला. आता पब्लिकसाठी पळून राह्यला.”

मी एकदा काकांना विचारलं होतं, “काका, सगळे पिक्चर सारखेच हायेत, तरी लोक काऊन येतात?”

“ज्याले पुढचं ठाऊक रायते तोच तिकीट काढते, निमू. नसन ठाऊक तं घरी झोपते.” मग रिळावरची धूळ फुंकून म्हणाले, “आन् हे पाहाले कोण येते ते पाह्य. मिलचे हमाल, भाजीवाल्या बाया, शाळेतले गुरुजी. कालेज पाह्यलं काय त्याइनं? आपल्या इथी पोट्टं शाळेतून निंघालं का धानाच्या बांधीत उभं रायते. पोट्टी निंघाली का मांडवात. मधातलं काही नसतेच. ते मधातलं मी इकतो.”

परवा माझी मुलगी मोबाइलवर कसलीतरी परदेशी मालिका पाहत होती. मी पोळ्या लाटता लाटता डोकावले. चष्मा घातलेली मुलगी एकटी डबा खात होती. मी म्हटलं, चौथ्या भागात चष्मा उतरेल आणि शेवटी कोणीतरी पळेल. “आई, तू आधी पाहिलीयस?” मी म्हटलं, पाहिली तर, टिनाच्या खाली बसून, दोन-दोनदा. तिने मोबाइल घेऊन दुसऱ्या खोलीत मुक्काम हलवला. शेवटी विमानतळावर पळाले म्हणे. प्रगती आहे.

आमचं घर स्टेशन आणि राईस मिल यांच्या मधोमध. मिलचा पट्टा दिवसरात्र धडधडत असायचा आणि उकडलेल्या धानाचा जड, गोडसर वास घरातल्या उशांनाही यायचा. मिल बंद पडली की आम्हाला जाग यायची, शांततेने. बाबा त्या मिलमध्ये होते. संध्याकाळी कोंड्याने पांढरे होऊन येत, भुवयासुद्धा पांढऱ्या, आणि अंगणात उभं करून आई त्यांना सुपाने झटकायची. मोठ्या पोटाचे, सावकाश माणूस. गाडीची शिट्टी वाजली तरी ते फलाटावर चालतच जात, आणि गाडी गेली तर पुढच्या गाडीची वाट पाहत. बोलणंही तसंच, पुढच्या गाडीने येणारं. आई उलटी. विहारातल्या बायांचा कार्यक्रम असो की घरची तांदळाच्या पिठाची आयती असोत, तिच्या हाताला आणि तोंडाला विसावा नसे. तव्यावर पातळ पीठ गोल फिरवून ती आयतं सोडवायची तो कुरकुरीत कडेचा आवाज मला अजून ऐकू येतो. आता मी नॉनस्टिक तव्यावर करते. निघतात छान, पण आवाज येत नाही.

आई पिक्चरला क्वचितच यायची. एकदा काकांनी ओढून आणलं. कँटीनच्या गाण्याला सगळी टॉकीज शिट्ट्या मारत होती आणि आईने पदर तोंडाला लावलेला.

“आई, रडून काऊन राह्यली व?”

“रडते कुठी. धूर आहे इथी.” थोड्या वेळाने माझ्या कानाशी येऊन तिने अगदी मनापासून विचारलं, “निमू, हे पोट्टे-पोट्ट्या काम कधी करतेत?”

आठवीचं पुस्तक अर्धं टाकून ती या घरात आली होती. हे मला तेव्हाही ठाऊक होतं, पण आईला कधीकाळी आठवी होती हे सतरा वर्षांच्या मुलीला खरं वाटत नाही. मला तर स्वतःचंच सुचत नव्हतं. मला जाड भिंगाचा चष्मा होता आणि बारावी होती. चंद्रपूरच्या कॉलेजात जायचं हे मी मनाशी पक्कं केलं होतं. ज्ञानासाठी नव्हे. कँटीनसाठी. चष्मा कधी आणि कोणासमोर उतरवायचा एवढाच प्रश्न उरला होता, आणि त्याचं उत्तर विलास हे होतं. विलासकडे निळं जीन्सचं जाकीट होतं. आमच्याकडच्या उन्हाळ्यातही तो ते काढत नसे, यावरून त्याच्या निष्ठेची कल्पना यावी. माझ्याशी तो एकदाच बोलला होता: “तुह्या काकाले म्हणून पास भेटन काय?” या वाक्यातून मी किती काय काढलं ते इथे लिहिणार नाही.

त्या वर्षी दिवाळीनंतर मामांच्या गावी, चिमूरकडे, मंडईला गेलो. मंडई म्हणजे गावची जत्रा आणि जत्रेला नाटक. नाटकासाठी गावोगावचे सोयरे बोलवायचे, आणि सोयरे जमलेच आहेत तर लग्नं जुळवून टाकायची. यात ‘मुलगी पाहायला आलो’ असं कोणी म्हणत नाही. ‘नाटक पाहाले आलो’ म्हणतात. मग दुपारी ज्या घरी चहाला बसतात त्या घरची मुलगी चहा आणते आणि नाटक पाहायला आलेली माणसं नाटकाची वाट पाहत मुलगी पाहतात. आमच्या मामांकडे असे पाहुणे आले होते. मुलगा, त्याचे वडील, आणि आत्याबाई. पसंती झाली असती तर उन्हाळ्यात लग्न, आणि चंद्रपूर राहिलं चंद्रपूरला. हे मला मामीने सकाळीच सांगितलं होतं. पण मला घाबरायचं कारण नव्हतं. विलासची मावशी त्याच गावात होती आणि तो नाटकाला येणार होता. म्हणजे हिरो गावात, बदमाश गावात, लग्न ठरायला टेकलेलं. काकांच्या मशीनवर मी हे इतक्यांदा पाहिलं होतं, की मला फक्त वेळेवर उभं राहायचं होतं.

आईने हात पुढे केला. “चष्मा दे इकडं. पाहुणे गेले का घालजो.”

चष्म्याची पोरगी खपत नाही, हा आईचा सिद्धांत. चष्मा उतरला की हिरोइन, हा काकांचा. दोन्ही शास्त्रं एका जागी आलेली पाहून मी इतक्या आनंदाने चष्मा दिला, की आईने माझं कपाळ चेपून ताप पाहिला.

ट्रे घेऊन अंगणात आले तेव्हा माझ्यासमोर नुसते रंग होते. पांढरं म्हणजे टोप्या, हिरवं म्हणजे आत्याबाई, आणि मांडवाच्या खांबाशी उभं असलेलं काहीतरी निळं. निळं! तो आला होता. टक्कर ही पिक्चरची पहिली अट, आणि कोणीच ती सुरू करत नव्हतं, म्हणून मी केली. थोडा वेग घेतला, मान दुसरीकडे वळवली, आणि ट्रेसकट त्या निळ्यावर जाऊन आदळले.

“अवं अवं अवं! पोळलो नं बाप्पा!”

कप पडले. वह्या नव्हत्या, कपच होते, पण मी नियम सोडला नाही. वाकले. तेही वाकले. मी पापण्या झुकवल्या, सावकाश वर उचलल्या आणि हसले. वारा तेवढा सुटला नाही. माझ्या समोर वीतभर अंतरावर पिकलेली मिशी होती, आणि ती मिशी मुलाच्या वडिलांची, ज्यांनी थंडी म्हणून निळं स्वेटर घातलं होतं.

“पोरीले दिसत नाई काय व बाई?” आत्याबाई.

“दिसते तं! उन्हानं डोळे दिपले असन,” आई म्हणाली.

“मांडवात?” आत्याबाई उठून माझ्यापुढे आल्या. “बाई, हे किती बोटं हायेत सांग बरं.”

“दोन,” मी आत्मविश्वासाने सांगितलं. मूठ होती.

मग खाट करकरली. बाबा उठत होते. ते त्यांच्याच चालीने आईपर्यंत आले आणि हात पुढे केला. आई हळूच म्हणाली, “आता नोका नं.” बाबांचा हात तसाच. शेवटी आईने कमरेच्या बटव्यातून चष्मा काढून दिला. बाबांनी तो सदऱ्याच्या टोकाने पुसला आणि माझ्या नाकावर ठेवला. एक काडी कानात अडकवली, दुसरी केसात.

“पोरीले चष्मा हाये,” ते पाहुण्यांना म्हणाले. “लहानपनापासून हाये. लपवून चहा पाजला, चुकलं आमचं. स्वेटर देऊन जा, धुऊन देतो.” मग, पुढच्या गाडीने, “आन् ते पुढं चंद्रपूरले शिकाले जाणार हाये.”

ही बातमी आईला नवी होती. मलाही. आणि बाबांचा चेहरा पाहता, ती त्यांनाही तेव्हाच कळली असावी.

मला आता सगळं स्वच्छ दिसत होतं. मुलगा खाटेच्या कडेला बसून डोळे बारीक करून माझ्याकडे पाहत होता आणि त्याच्या खिशातून चष्म्याची डबी अर्धी बाहेर आली होती. त्यालाही कोणीतरी सांगितलेलं दिसत होतं. कुडाच्या पलीकडे, रस्त्यावर, भज्यांच्या गाडीशी एक निळं जाकीट पाठमोरं उभं होतं. एवढा गोंधळ होऊनही ते वळलं नाही. भजी गरम असतील. पाहुणे मात्र राहिले. लग्न मोडलं म्हणून नाटक कोणी सोडत नाही. मटण जेवले, मामांच्या शेजारी बसून नाटक पाहिलं, आणि म्हणे सगळ्यात मोठा वन्स मोअर त्या स्वेटरवाल्यांनीच दिला, नुसत्या सदऱ्यावर.

त्यानंतर आई बाबांशी बोलेनाशी झाली. म्हणजे बोलायची, माझ्या मार्फत. बाबा समोर ताटावर बसलेले आणि ती मला सांगायची, “तुह्या बापाले म्हण, वरण वाढलं.” मी सांगायची. बाबा म्हणायचे, “ऐकलं म्हण.” सोयऱ्यांत माझं नाव ‘चहावाली’ पडलं होतं. उन्हाळ्याआधी मामा आले आणि म्हणाले, पुढच्या मंडईत पाहू दुसरं स्थळ. आई माझ्याकडे पाहून म्हणाली, “तुह्या बापाले इचार.” बाबांनी पाणी पिऊन घेतलं. “पुढच्या मंडईले ते इथी नसन,” म्हणाले. आई चुलीपाशी गेली आणि त्या दिवशीची आयती जाड झाली.

निकाल लागला, चंद्रपूरला प्रवेश मिळाला, वसतिगृहात खाट मिळाली. एवढ्या सगळ्यातून मुलगी काहीतरी शिकली असेल असं वाचणाऱ्याला वाटेल. मुलगी काही शिकली नव्हती. नवं कॉलेज, नवी एंट्री, आणि एंट्रीला चष्मा कसा चालेल? निघायच्या सकाळी मी तो खिडकीतल्या फळीवर, फणीशेजारी ठेवला आणि ट्रंकेला कुलूप लावलं. (त्या कॉलेजात कँटीन नव्हतं, हे इथेच सांगून टाकते. फाटकाबाहेर एक चहाची गाडी होती आणि तिच्यापाशी कोणी नाचत नसे. वर्ग मात्र खरोखरच होते, रोज.)

आई स्टेशनवर आली नाही. “मले काम हाये,” म्हणाली आणि कणकेचे लाडू माझ्या पिशवीत कोंबले, हातातल्या पिठासकट. ट्रंक बाबांनी उचलली. काका पोचवायला आले, भोंग्याशिवाय, तरी अख्ख्या फलाटाला कळलं की पुतणी कॉलेजला चालली. बाबांनी ट्रंक बाकाखाली सरकवली, खिडकीशी थोडं उभे राहिले आणि “मिलमधी जाऊन पाह्यतो” म्हणून निघून गेले. गाडी सुटायच्या आधीच. झगेवाला बापसुद्धा शेवटच्या रिळाला हजर असतो.

गाडीने धक्का दिला. मी खिडकीतून पाहिलं. नियमाप्रमाणे आता कोणीतरी पळायचं होतं, आणि आता हसू नका, मला फलाटाच्या टोकाशी खरंच कोणीतरी पळताना दिसलं. धूसर, हात वर केलेलं, माणसांतून वाट काढत येणारं. विलास! जाकीट काढून आला होता. म्हणजे केवढं प्रेम! पण पळण्यात काहीतरी चुकत होतं. हिरो पळताना त्याचं पोट त्याच्या आधी पळत नाही. गाडीने वेग घेतला, तो धूसर माणूस मागे पडला, लहान झाला, वाकून गुडघ्यांवर हात टेकून उभा राहिला.

आणि फलाटावरून काकांचा आवाज आला, भोंग्याची गरज नसलेला, सवयीचा:

“वन्स मोअर!”

स्टेशनच्या थोडं पुढे सिग्नलला आमची पॅसेंजर नेहमीच थांबायची. पुढे एकच रूळ, समोरून येणारी मालगाडी मानाची. पण त्या दिवशी ती थांबली तेव्हा मला शपथेवर वाटलं, की काकांनी मशीन बंद करून रीळ मागे फिरवलं. मागचा तो धूसर माणूस सरळ झाला आणि पुन्हा पळायला लागला. फलाट संपला, तो खाली उतरला, खडीवरून, अडखळत, लंगडत. दारादारांतून लोक बाहेर लोंबकळले. “पळा भाऊ, पळा! आला रे आला!” कोणीतरी शिट्टी मारली.

बाबा होते. आयुष्यात कुठल्याही गाडीमागे न पळालेले बाबा, एकाच गाडीमागे दुसऱ्यांदा. भुवया कोंड्याने नाही, घामाने चमकत होत्या. त्यांनी खिडकीच्या गजातून मूठ आत घातली आणि उघडली. चष्मा.

बोलायला त्यांना वेळ लागला. “इसरली व?”

“हो,” मी म्हटलं.

“नाई इसरली तू.” ते गज धरून श्वास घेत होते. “तुह्या मायनं ओळखलं. फळीवर पाह्यला आन् दारातच धरलं मले. मिलमधी नोका जाऊ म्हणे, पळा. म्या तिले एकदा काढाले लावला म्हणे, आता घालून देऊन या.”

एवढ्या महिन्यांनंतर आई बाबांशी सरळ बोलली होती, मध्ये मला न घेता. मी चष्मा घातला. एक काडी कानात, एक केसात. बाबांच्या सदऱ्याचं तुटलेलं बटण दिसलं, त्यांच्या एका पायातली चप्पल दिसली आणि दुसऱ्या पायाला चप्पल नव्हती तेही दिसलं. मालगाडी धडधडत निघून गेली, आमच्या गाडीने पुन्हा धक्का दिला आणि बाबा खडीवर मागे सरकले.

मी गजांना गाल लावून मागे पाहिलं. फलाट जिथे संपतो तिथे आई उभी होती. पदर खांद्यावरून गेलेला, हात पिठाचे, आणि एका हातात बाबांची ती चप्पल. ज्या अर्थी ती तिथवर पोचली त्या अर्थी तीही पळत आली असणार, घरापासून, सगळ्या गावादेखत. पण ते मी पाहिलं नाही. ते रीळ माझा चष्मा हातात येण्याआधीच संपून गेलं होतं.